उंची थांबली, तर पोट तपासा

मूल वाढत नाही म्हटलं, की आईबापांना आपल्याकडे ठरलेली उत्तरं मिळतात. बाप तरी कुठे उंच आहे? जंताचं औषध द्या. वडापाव बंद करा. त्यात पोट दुखत असेल, तर ‘शाळा चुकवायची नाटकं’ हेही ऐकावं लागतं. या उत्तरांत एका आजाराची महत्त्वाची वर्षं वाया जातात, म्हणून या आठवड्यात त्याच्याविषयी लिहितो आहे.

क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस हे आतड्यांच्या दीर्घकालीन दाहाचे दोन मुख्य प्रकार. कोलायटिस मोठ्या आतड्यापुरता राहतो आणि त्यात शौचातून रक्त पडतं, त्यामुळे घरचे घाबरून लवकर डॉक्टर गाठतात. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होतो आणि फार फसवा असतो. जुलाब होतीलच असं नाही. अधूनमधून कणकण, जेवल्यावर कळ, वारंवार तोंड येणं, शौचाच्या जागी न भरणारी जखम. काही मुलांत तर पोट दुखू लागण्याआधीच उंची अडलेली असते.

आपल्याकडे आणखी एक खरी अडचण आहे. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स, दोन्ही बहुतेकदा लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं तिथेच ठाण मांडतात. दुर्बिणीतून सारखे दिसतात, तुकडा तपासूनही कधी उलगडा होत नाही. अशा वेळी डॉक्टर आधी टीबीची औषधं देतात, आणि त्यात चूक नाही. टीबी असताना क्रोन्सवरचं स्टिरॉइड किंवा इन्फ्लिक्सिमॅब हे औषध दिलं, तर जिवावर बेतू शकतं. माझा आक्षेप ढिलाईवर आहे. सोनोग्राफीत गाठी दिसल्या एवढ्यावरच सहा महिन्यांचा कोर्स लावायचा, मध्ये फिरून बघायचं नाही, गुण आला नाही की तोच कोर्स लांबवायचा! दोन-तीन महिन्यांत वजन वाढलं का, आतले व्रण भरू लागले का, हे तपासलंच पाहिजे. वयात येतानाची वाढ मोजक्या वर्षांची असते. हाडांची टोकं जुळली, की राहिलेली उंची कुठल्याही औषधाने भरून निघत नाही.

क्रोन्स ठरलाच, तर मुलांसाठी बऱ्याचदा पहिला उपचार म्हणजे संपूर्ण पोषण देणारं पेय. सहा ते आठ आठवडे दुसरं काही खायचं नाही. दाह शमवण्यात ते स्टिरॉइडच्या तोडीचं आहे आणि वाढीला मारक नाही. पण डब्यांचा खर्च मोठा, आणि स्वयंपाकघरात पोह्यांची फोडणी चरचरत असताना अकरा वर्षांच्या पोराने तोच गोडमिट्ट ग्लास संपवायचा, हे सोपं नाही. हॉस्पिटलांनी नुसता तक्ता हातात देऊ नये. आहारतज्ज्ञाने दर आठवड्याला फोन करावा, घरच्यांनीही त्याच्यासमोर ताटं मांडू नयेत.

शिक्षकांना विनंती, अशा मुलाला तास चालू असताना न विचारता बाहेर जाऊ द्या. ‘आत्ताच जाऊन आलास ना?’ हे वर्गासमोर ऐकावं लागू नये म्हणून मुलं शाळेत खाणंपिणंच टाळतात.

आणि आईबापांनो, दर सहा महिन्यांनी उंची-वजन वाढीच्या आलेखावर मांडून घ्या. रेषा खाली झुकू लागली आणि पोटही कुरकुरत असेल, तर आतड्यातला दाह दाखवणाऱ्या शौचाच्या कॅलप्रोटेक्टिन तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा आणि मुलांच्या पोटविकारतज्ज्ञांसाठी चिठ्ठी मागून घ्या.