चावीवाला निवृत्त होण्याआधी



पहाटे आपल्या नळाला पाणी येतं, त्याआधी कुणीतरी रस्त्यावरचं झाकण उचलून, लांब दांड्याची लोखंडी चावी आत घालून व्हॉल्व्ह उघडलेला असतो. तो चावीवाला. शाळेत गुरुजींनी सरसकट 1 जून ही जन्मतारीख लावलेली त्याची पिढी दरवर्षी 31 मेला एकगठ्ठा निवृत्त होते, तीही ऐन पाणीटंचाईत. या माणसांनी आयुष्यभर साठवलेली माहिती त्यांच्याबरोबर घरी जाते. ती आत्ताच उतरवून घ्या, ही माझी कळकळीची विनंती आहे.

मी पाणीपुरवठा खात्यात कनिष्ठ अभियंता होतो. आमचे एक चावीवाले मामा चावी फिरवताना आटे मोजत. बाविसाव्याला थांबत. "साहेब, तेविसावा दिला की वरच्या आळीचं पाणी तुटतं," म्हणत. रात्री सळईचं एक टोक जलवाहिनीवर आणि दुसरं कानाला लावून गळती कुठे आहे ते सांगत. खात्याच्या नकाशावर नळ होते, हे बावीस आटे नव्हते.

मामा निवृत्त झाले. त्यांचा एक व्हॉल्व्ह उलट्या आट्याचा होता, हे नव्या मुलाला कुणी सांगितलं नव्हतं. उघडतोय असं समजून त्यानं तो झपाट्यानं बंद केला. वाहतं पाणी एकदम अडलं की त्याचा दणका नळाला बसतो. जुना बिडाचा नळ फुटला. पाच दिवस लोक टँकरमागे धावले. दोष त्या मुलाचा नव्हता. मामांना वेळेत विचारलं नाही, हा आम्हा अधिकाऱ्यांचा दोष होता.

ही गोष्ट एका ठिकाणापुरती नाही. मुंबईला सात तलावांतून रोज सुमारे 385 कोटी लिटर पाणी मिळतं. 1860 मध्ये विहार तलावापासून सुरू झालेली ही व्यवस्था आजही बहुतेक वस्त्यांना ठरावीक तासच पाणी देते, आणि ते तास चावीच्या फेऱ्यांवर चालतात. लहान नगरपालिकांत तर सगळा भार दोन-चार माणसांच्या स्मरणशक्तीवर असतो.

अधिकाऱ्यांनो, निवृत्तीआधी वर्षभर नवा माणूस जुन्याच्या जोडीला द्या. एक उन्हाळा आणि एक पावसाळा त्यांनी एकत्र काढावा. प्रत्येक व्हॉल्व्हची नोंद करा: जागेची खूण, आट्यांची संख्या, फिरवण्याची दिशा, बंद केल्यावर कोरड्या पडणाऱ्या गल्ल्या. ज्यांना लिहिणं जमत नाही, त्यांचं बोलणं मोबाईलवर ध्वनिमुद्रित करा.

सांगितलं तर आपली किंमत जाईल, ही भीती या माणसांना असते आणि ती खोटी नाही. म्हणून नोंदवहीवर त्यांचं नाव घाला, शिकवण्याचं मानधन द्या. निवृत्त झालेल्यांनाही सन्मानानं बोलवा.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनो, एक सुट्टी या कामाला द्या. नागरिकांनो, नगरसेवकाकडे टँकर मागता तसा या नोंदवहीचा हिशेबही मागा.

येत्या 31 मेला आपल्या गावातून कोण निवृत्त होतंय, ते आजच विचारा. आणि त्या माणसासोबत एक पहाट झाकणाशेजारी उभे राहा.

आपला,
पाणीपुरवठा खात्यातला एक निवृत्त सेवक