पहाटे साडेचारचा गजर कुणाचा?

वर्ध्यात पहाटे सेवाग्रामच्या रस्त्यावर धावणारी माणसं दोन प्रकारची. पहिली, पोलीस भरतीची पोरं. त्यांच्यापुढे सोळाशे मीटरची चाचणी असते, नोकरीचा प्रश्न असतो. त्यांच्या धावण्याचा अर्थ अख्ख्या मोहल्ल्याला कळतो. दुसरी, चाळिशी ओलांडलेली, पगार सुरू असलेली, पोरं दहावी-बारावीला पोहोचलेली. मनगटावर अंतर मोजणारं घड्याळ, कमरेला पाण्याच्या लहान बाटल्या. "हा काहून धावून राहिला जी?" हा प्रश्न या दुसऱ्यांबद्दलच पडतो. गंमत अशी की तो त्यांना कुणी विचारत नाही. तो त्यांच्या बायकोला विचारतात, नवऱ्याला विचारतात, आणि विचारताना आवाजात कीव असते.

या कीवेमागे आरोपांची एक ठरलेली यादी आहे. मॅरेथॉन, ट्रायथलॉन, तीनशे-चारशे किलोमीटरच्या, ठरल्या वेळेत पुऱ्या करायच्या सायकल ब्रेव्हे ही पुण्या-मुंबईच्या पैसेवाल्यांची खुळं. या वयात एवढं धावलं की हृदय बंद पडतं. आणि या नादात प्रपंच बुडतो, घरच्या माणसाच्या वाट्याला फक्त घामाचे कपडे येतात. याच्या बरोबर उलट टोकाला सत्कार समितीचा पक्ष उभा असतो. शाल-श्रीफळ देताना त्यांचं वाक्य ठरलेलं : "यांच्या यशामागे यांच्या सौभाग्यवतींचा मूक त्याग आहे." पहिला पक्ष जोडीदाराला बिचारी ठरवतो, दुसरा देवी. दोघांनाही एक साधा हिशेब मांडायचा नसतो : घरातला वेळ कुणी, कुणाला विचारून घेतला?

आधी खुळाचा आरोप. पायी किंवा सायकलवर शेकडो कोस जाण्यासाठी वर्धा जिल्ह्याला पुण्या-मुंबईचा दाखला लागत नाही. विनोबा १९५१ च्या मार्चमध्ये इथून हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनाला पायी निघाले, एप्रिलमध्ये पोचमपल्लीला भूदानाची सुरुवात झाली आणि पुढे तेरा वर्षं देशभर चालून ते १९६४ साली पवनारला परतले. हिंगणघाटला जन्मलेल्या बाबा आमट्यांनी पाठीच्या कण्याच्या दुखण्यानं बसणंही अवघड झालेलं असताना १९८५ च्या अखेरीस तरुणांची सायकलयात्रा कन्याकुमारीहून काश्मीरकडे नेली. आर्वीच्या बाजूला वर्धा नदीच्या पलीकडे कौंडण्यपूर आहे. तिथून चारशे वर्षांहून जुनी मानली जाणारी रुक्मिणीची पालखी महिनाभराहून अधिक चालून पंढरपूर गाठते. दिंडीत गेलेल्या माणसाच्या मागं घरचं कोण सांभाळतं, हा प्रश्न काही आज उपटलेला नाही. (ज्या रुक्मिणीची ही पालखी, ती स्वतः नवऱ्यावर रुसून दिंडीरवनात जाऊन बसली होती अशी कथा आहे. रुसव्याची परंपराही तितकीच जुनी म्हणायची.)

पण या दाखल्यांवर टाळ्या घेणाऱ्यांनी जरा थांबावं. विनोबा ब्रह्मचारी होते. त्यांच्या पहाटेच्या उठण्यानं कुणाच्या डब्याची वेळ चुकत नव्हती. दिंडी वर्षातून एकदा निघते, तिची तारीख पंचांगात असते आणि सगळ्या गावाला माहीत असते. नुसतं चालण्याचं अंतर मोजून आजच्या संसाराला विनोबांचा दाखला देणं हा लबाडीचा युक्तिवाद आहे. त्यातल्या त्यात जवळचं उदाहरण बाबांच्या घरचं. तिथं त्यांच्या पत्नी साधनाताई होत्या आणि त्यांनी 'समिधा' हे आत्मकथन लिहून आपली बाजू आपल्या नावानं मांडली. अशी नोंद बहुतेक घरांत होत नाही. खुळाचा आरोप खोटा असला, तरी त्याला दिलं जाणारं परंपरेचं उत्तर अपुरं आहे.

हृदयाचं भय मात्र सरळ आकड्यांनी निकालात निघतं. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉन धावलेल्या सुमारे १ कोटी ९ लाख सहभागींचा अभ्यास २०१२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला. त्यात शर्यतीशी जोडलेल्या हृदय बंद पडण्याच्या घटना होत्या ५९. म्हणजे लाखामागे जेमतेम अर्धी. ज्यांच्या हृदयात आधीपासून दोष असतो त्यांनी तपासणी करूनच उतरावं, हे खरंच. पण "शेजारच्या तालुक्यातला एक जण धावता धावता गेला" एवढ्या ऐकीव गोष्टीवर कुणाचा बूट काढून घेण्यात अर्थ नाही.

भ्यायचंच असेल तर रस्त्याला भ्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरात देवळी, हिंगणघाट, समुद्रपूरच्या रस्त्यांवर सोयाबीन आणि कापसाच्या ट्रॉल्या सुरू होतात. कित्येकींच्या मागं लाल दिवा तर सोडा, चकाकणारी पट्टीही नसते. अंधारात सायकलवर गेलेला माणूस साडेसातपर्यंत परतला नाही की घरच्या माणसाचा जीव टांगणीला लागतो तो यामुळं. त्याला वेड्यात काढू नये. मागचा दिवा, अंगावर चमकणारं जाकीट आणि "कोणत्या रस्त्यानं चाललो" हे निघताना सांगणं ही घरच्यांवर केलेली मेहेरबानी नव्हे.

आता मुख्य आरोप : प्रपंच बुडतो. ब्रेव्हेच्या ठरलेल्या वेळमर्यादा अशा : २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस. चारही एकाच हंगामात पूर्ण करणाऱ्याला 'सुपर रँडोनर' म्हणतात. अगदी शेवटच्या मिनिटाला पोहोचलं तरी बेरीज होते शंभर तास तीस मिनिटं. आयपीएलच्या २०२५ च्या हंगामात ७४ सामने होते. साडेतीन तासांचा एक धरला तर अडीचशेच्या वर तास जातात. सगळे सामने पाहणाऱ्या गृहस्थामुळं संसार बुडाला असं कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. तो घरातच असतो, सोफ्यावर, एवढंच त्याचं पुण्य.

मात्र धावणाऱ्यांनीही हा हिशेब लगेच खिशात घालून मिरवू नये, कारण शर्यतीचे तास म्हणजे हिमनगाचं टोक. खरा खर्च सरावाचा. पोहणं, सायकल आणि धावणं तिन्ही असलेल्या पूर्ण अंतराच्या ट्रायथलॉनची (३.८ किलोमीटर पोहणं, १८० सायकल, त्यावर ४२.२ धावणं) तयारी आठवड्याला दहा-पंधरा तास सहज खाते. आणि तास किती यापेक्षा ते कुठले, हे घरात जास्त बोचतं. वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास खेळतो, सकाळी सातलाच ऊन टोचायला लागतं. मग गजर साडेतीनचा. साडेतीनला उठायचं तर साडेआठला झोप, म्हणजे स्वयंपाक सातच्या आत, म्हणजे संध्याकाळी आलेल्या पाहुण्यासमोर घरधनी जांभया देणार आणि लग्नाच्या रिसेप्शनला जोडीदार एकटाच आहेर घेऊन जाणार. मुंबईची मॅरेथॉन जानेवारीत असते. तिच्या लांब पल्ल्याच्या सरावाचे आठवडे ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतात. ज्या घरची शेती आहे तिथं नेमकी तेव्हाच सोयाबीनची काढणी उरकायची असते, कापसाची वेचणी लागते, मजूर मिळत नाहीत आणि मध्येच दिवाळी. अशा घरात रविवारी तीस किलोमीटर धावून येऊन दुपारी गाढ झोपलेल्या माणसाबद्दल घरात राग असेल, तर तो राग खेळावर नसतो.

त्या झोपेच्या आसपास घरात काय चाललेलं असतं तेही पाहावं. मोरीत ओले मोजे. खिडकीत बूट, ओल शोषून घ्यायला आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले. शनिवारची कोड्यांची पुरवणी त्यात गेलेली. बैठकीत भिंतीला टेकवलेली सायकल आणि चेनचं काळं ग्रीस दिवाणाच्या चादरीला. फ्रीजमध्ये कापून ठेवलेलं बीट, डब्यात खजूर. गोरस भांडारातून आणलेला गोरसपाक पाहुण्यांसाठी ठेवला होता, तो रात्रीतून निम्मा झालेला, कारण "लांबचं धावायचं तर पिष्टमय पदार्थ लागतात". हे सगळं आवरणारे हात बहुधा एकाच व्यक्तीचे असतात, आणि ती व्यक्ती बहुधा बाई असते.

सत्कार समितीचा पक्ष खंडन करण्यासारखा आहे तो इथं. देशाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात बिनमोल घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यातला रोजचा वेळ निघाला २९९ मिनिटं. असं काम करणाऱ्या पुरुषांचा ९७. नवरा सरावाला जातो तेव्हा तो या दोनशे मिनिटांच्या फरकावर उभा राहून जातो. बायको सरावाला जाते तेव्हा ती आपली २९९ मिनिटं उरकून जाते, नाहीतर परत येऊन उरकते. तिच्या बाबतीत लोक त्याग हा शब्दही काढत नाहीत. थेट विचारतात, "मग घरचं कोण पाहते?" पुण्याच्या प्रीती मस्के दोन मुलांच्या आई. २०२२ च्या जूनमध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी लेह ते मनाली हे ४३० किलोमीटरचं घाटाघाटांचं अंतर सायकलवर एकटीनं ५५ तास १३ मिनिटांत कापलं. बातम्यांनी 'दोन मुलांची आई' हे विशेषण न चुकता लावलं. पुरुष सायकलपटूच्या मथळ्यात 'दोन मुलांचा बाप' सहसा दिसत नाही.

मदतनिसाचं श्रेय कसं मोजायचं, हे शिकायला लांब जायला नको. शेजारच्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ आणि नाशिकचे लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ यांनी २०१७ मध्ये 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' एकट्यानं पूर्ण केली. ही शर्यत एकट्यानं पुरी करणारे ते पहिले भारतीय. तेव्हा पॅसिफिक किनाऱ्यावरच्या ओशनसाइडपासून अटलांटिककडच्या अ‍ॅनापोलिसपर्यंत जवळपास पाच हजार किलोमीटर, मर्यादा बारा दिवसांची. या शर्यतीत 'एकटा' स्वार एकटा कधीच नसतो. मागं गाडी लागते, गाडीत चालक, रस्ता सांगणारा, खाणंपिणं पाहणारा, दुखणं पाहणारा. त्यांच्या पाळ्या लागतात, झोपेचे तास ठरतात, नावं नोंदवली जातात. चालक थकला तर दुसरा बसतो. "तुझा मूक त्याग मोठा" असं म्हणून त्यालाच पुढं हाकत नाहीत. घरी मात्र तीच कामं एक माणूस बारा महिने करतो, पाळी नाही, सुटी नाही, आणि वर्षअखेरीस नारळ मिळतो.

तरीही या लेखाचा कौल धावणाऱ्याच्या बाजूनंच आहे, आणि तो नुसता आरोग्याच्या नावानं नाही. जोडीदारांच्या सवयी एकमेकांना लागतात. अमेरिकेतल्या एका दीर्घकालीन अभ्यासावरून जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २०१५ मध्ये मांडलं की बायको पुरेसा व्यायाम करणारी असेल तर पुढच्या वर्षांत नवराही तसं करू लागण्याची शक्यता सुमारे ७० टक्क्यांनी वाढते. नवरा करणारा असेल तर बायकोची ४० टक्क्यांनी. म्हणजे घर हलवायचं असेल तर बूट आधी बाईच्या पायात हवेत. आणि प्रत्यक्षात रविवारची सकाळ मोकळी मिळते नेमकी उलट माणसाला.

बूट दोघांच्याही पायात असलेलं एक घर चेकोस्लोव्हाकियात होतं. धावपटू एमिल झाटोपेकनं १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये पाच हजार मीटर, दहा हजार मीटर आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णं घेतली; त्याची बायको डाना हिनं त्याच स्पर्धेत भालाफेकीचं. त्याच्याबद्दल सांगतात की तो न्हाणीच्या टबात धुणं भिजत घालून त्यावर जागच्या जागी धावायचा. सराव व्हायचा आणि कपडेही निघायचे. वर्ध्याच्या फ्लॅटमध्ये टब नसेल, पण पाच किलोमीटर कमी धावून स्वतःचं धुणं स्वतः पिळायला टब लागत नाही.

बारामतीच्या लता करे यांची शर्यत तर जोडीदारासाठीच होती. साठी ओलांडलेली बाई, नऊवारी नेसून, अनवाणी, नवऱ्याच्या तपासणीला पैसे हवेत म्हणून मॅरेथॉनच्या ज्येष्ठ गटात उतरली आणि पहिली आली. पुढं त्यांच्या आयुष्यावर सिनेमाही निघाला. धावणं हे संसाराला पाठ दाखवणं आहे, असं म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण समोर ठेवावं. अर्थात त्याचा उलटा वापरही करू नये. उपचाराला पैसे नाहीत म्हणून म्हातारीला धावावं लागणं हे कौतुकाआधी लाजेचं आहे.

मग मंडन कशाचं? वाटणीचं. हंगामाच्या सुरुवातीला शर्यतींच्या तारखा भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहाव्यात आणि त्या लिहिण्याआधी विचारावं, नंतर नव्हे. वेचणीच्या आठवड्यात लांबची धाव नको, ती जानेवारीच्या शर्यतीला नडत असेल तर ती शर्यत पुढच्या वर्षी. जितक्या पहाटा एकानं घेतल्या, तितक्या सकाळी दुसऱ्याला मोकळ्या मिळाव्यात. त्यात त्यानं धावावं असं नाही, झोपावं, वाचावं, गीताई मंदिरात जाऊन बसावं. खर्चही सांगून करावा. पन्नास-साठ हजारांची सायकल 'सेलमध्ये स्वस्त मिळाली' म्हणून घरी आणणं हा खेळाडूंमधला सर्वांत जुना विनोद आहे, आणि तो ऐकून हसतात ते फक्त खेळाडू.

एक आक्षेप तरी उरतोच. हे सगळं नीट वाटून घेतलं, पण घरच्या माणसाला या प्रकारात काडीचा रस नसला तर? कितवा किलोमीटर किती मिनिटांत गेला हे ऐकून त्याला जांभई येत असेल तर? येऊ द्यावी. आवड सक्तीची नाही. शर्यतीच्या शेवटी दोरीपलीकडं हार घेऊन उभं राहणं हे लग्नाच्या अटींत कुठं लिहिलेलं नाही. नवरा मुंबईत बेचाळीस किलोमीटर धावत असताना बायको त्या रविवारी हिंगणघाटला बहिणीकडं हुरडा खायला गेली, तर तिला कुणी फोन करून "तू गेली नाही का सोबत?" असं विचारू नये. त्यानं मात्र संध्याकाळी फोन करून हुरडा कसा होता ते विचारावं, आणि घड्याळातले आकडे सांगण्याआधी विचारावं.