स्टेपनीत कंजुषी नको

राळेगावहून पिकअपमध्ये गठ्ठे भरून वडकी, कळंबकडे जाणारे आम्ही कापडवाले थान घेताना पन्हा मोजतो, पोत चिमटीत धरतो, काठावरचा छाप वाचतो. स्टेपनी घेताना मात्र ही पारख कुठे जाते? गुळगुळीत म्हणून उतरवलेला टायरच पाचव्या चाकावर चढवून आम्ही मोकळे होतो. हा सौदा तोट्याचा आहे.

‘स्टेपनी’ हे मुळात एका मालाचे नाव. १९०४ साली वेल्समधील लानेली येथे डेव्हिस बंधूंनी पंक्चर चाकावर अडकवायची टायरसह रिम काढली. तेथील स्टेपनी स्ट्रीटवरून तिला हे नाव पडले. ती वेळ भागवण्यापुरती होती. आमच्या पाचव्या चाकाला मात्र भरल्या गाडीचा भार उचलायचा असतो.

टायरच्या काठावरही छाप असतो, तो वाचावा. आकार चालू चाकांचाच हवा. मागे एक चाक लहान व एक मोठे बसले, तर सरळ रस्त्यावरही डिफरन्शियलवर ताण येतो. रिमवर बसतो म्हणून कारचा टायर घेऊ नये. मालगाडीचा, भार पेलणाराच घ्यावा. चार आकडी तारीख पाहावी : २३२२ म्हणजे २०२२ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी उरलेला टायर कायद्यालाही चालत नाही.

नव्या टायरचे पैसे अडकून पडतात, असे काही बांधव म्हणतात. हिशेब करून पाहा. चार टायर ४० हजार किलोमीटर चालत असतील, तर तसेच पाच टायर आळीपाळीने फिरवल्यास गाडी ५० हजार चालते. मग पैसे अडकले कुठे? शिवाय दर फेरबदलाला स्टेपनी खाली उतरते, तिची हवा तपासली जाते आणि काळ्या मातीच्या चिखलाने साखळी जाम झाली असेल तर तेही वेळीच कळते.

आठवडी बाजार हुकला तर पुढचा सात दिवसांनी. ईद-दिवाळीच्या तोंडावर हुकला तर हंगामच गेला. पण माल पुन्हा भरता येतो. रात्री हायवेच्या कडेला चाक बदलणारा ड्रायव्हर कुणाच्या घरचा कर्ता आहे. खराब स्टेपनीमुळे त्याला तासभर जास्त तिथे बसावे लागले, तर त्या धोक्याची जबाबदारी गाडीमालकाची, म्हणजे आमचीच आहे.