मालाची ओळख आणि छापाचे मोल

नागोठण्याच्या परिसरात भाताची कापणी झाल्यावर त्याच खाचरांत, जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर वाल घेतला जातो. हा वाल चवीला उत्तम असतो. परंतु गोणीत भरून तो शहराच्या बाजाराकडे निघाला, की त्याचे गाव आणि त्याचा धनी दोन्ही पुसले जातात. गिऱ्हाइकाला माल आवडला, तरी पुढील खेपेस तो कोणाचा म्हणून मागावा हे त्यास ठाऊक नसते. चांगल्या मालाचे श्रेय दुकानदारास मिळते आणि पिकविणाऱ्याच्या पदरी सरसकट भाव पडतो.

‘माल चोख असेल, तर छाप हवी कशाला?’ असे पुष्कळ शेतकरी बंधू विचारतात. गावच्या आठवडी बाजारात हा प्रश्न रास्त आहे. तेथे विकणाऱ्याचा चेहरा हीच त्याची छाप असते. दूरच्या गिऱ्हाइकाला मात्र चेहरा दिसत नाही, पिशवीवरील चित्र दिसते. त्याचे समाधान शेतकऱ्यापर्यंत परत आणणारी वाट म्हणजे ते चित्र होय.

आपल्याच जिल्ह्यातील अलिबागचा पांढरा कांदा पाहावा. त्याच्या विणलेल्या माळा ही त्याची जुनी ओळख. पण माळ कोणासही विणता येते आणि बाहेरचा पांढरा कांदाही त्याच नावाने खपविता येतो. म्हणूनच या कांद्यासाठी भौगोलिक मानांकन मिळविण्यात आले. हापूस आंब्यास असे मानांकन २०१८ साली मिळाले व त्याच्या क्षेत्रात रायगड जिल्ह्याचाही समावेश आहे. असे मानांकन त्या प्रदेशातील सर्व उत्पादकांचे असते; मात्र त्याचा लाभ घेण्यासाठी प्रत्येकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. तेव्हा प्रदेशाचे नाव सर्वांचे आणि छाप आपल्या गटाची, हा भेद ध्यानी ठेवावा.

छाप कशी असावी? ती अशी असावी, की निरक्षर गिऱ्हाइकालाही एका शब्दात तिचे नाव सांगून माल मागता यावा. पूर्वी अंबा नदीतून भरतीच्या पाण्याबरोबर गलबते नागोठण्याच्या बंदरापर्यंत येत असत. येथील एखाद्या गटाने ‘गलबत’ ही छाप घेतली, तर ती येथील मातीशी नाते सांगेल आणि सहज लक्षात राहील. चित्र मोजक्या रेषांचे असावे. गोणीवर एकाच रंगात उठविले तरी आणि पाव किलोच्या पुडीवर लहान केले तरी ते ओळखू आले पाहिजे. शेत, बैल, सूर्य, नदी आणि कणीस ही सर्व एकाच चित्रात कोंबल्यास गिऱ्हाइकाच्या मनात एकही राहत नाही. तसेच एकदा ठरविलेली छाप दर हंगामास बदलू नये.

कायद्याचीही माहिती असावी. व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ अन्वये नोंदविलेल्या चिन्हास दहा वर्षे संरक्षण मिळते व पुढे नूतनीकरण करता येते. ‘शुद्ध वाल’ यांसारखी केवळ मालाचे वर्णन करणारी नावे किंवा नुसते गावाचे नाव यांची नोंदणी सहसा होत नाही. राष्ट्रध्वज तसेच छत्रपती शिवाजी महाराज व महात्मा गांधी यांचे नाव अथवा चित्र व्यापारासाठी वापरण्यास १९५० च्या कायद्याने प्रतिबंध आहे. आपल्या जिल्ह्यात किल्ले रायगड असल्यामुळे हा मोह होणे स्वाभाविक आहे. म्हणून ही गोष्ट विशेष सांगावीशी वाटते.

प्रत्येक घराची निराळी छाप काढणेही हिताचे नाही. गुजरातेत आणंद येथे १९४६ साली दूध उत्पादकांचा संघ स्थापन झाला. पुढे १९७३ साली तेथील जिल्हा संघांचा विक्री महासंघ झाला आणि अनेक संघांचे दूध व लोणी ‘अमूल’ या एका नावाने देशभर जाऊ लागले. लहान उत्पादकांचे बळ असे एका नावाखाली एकवटले, म्हणूनच ते नाव घरोघरी पोहोचले.

मात्र छाप ही दुधारी असते. पुडीत किडका वाल निघाला, तर बिनछाप माल विसरला जातो. छापाचा माल नावासकट लक्षात राहतो. १९३७ च्या कायद्यान्वये सुरू झालेल्या ‘ॲगमार्क’ योजनेत आधी प्रतवारी आणि मग चिन्ह, असा क्रम आहे. आपणही तोच पाळावा. वाल नीट वाळवावा, निवडावा, सारख्या दाण्यांची प्रत ठरवावी, वजन चोख ठेवावे आणि मगच पिशवीवर छाप उठवावी.

ग्रामकार्यकर्त्यांनी चालू हंगामातच गटाची बैठक बोलावून प्रथम प्रतीचे नियम लिहून काढावेत आणि त्यानंतर चित्रकाराकडे जावे. चित्रावर थोडा खर्च झाला तरी तो वाया जाणार नाही. पण नियमांवाचून काढलेले चित्र कितीही सुरेख असले, तरी ते पिशवीची शोभा वाढविण्यापलीकडे काही करणार नाही.