बरा झालेला माणूस गप्प का?

कुणी जरा विचित्र वागले की मुंबईच्या आसपास चेष्टेने म्हणतात, 'याला ठाण्याला पाठवा.' पुण्याकडे हेच वाक्य येरवड्याचे नाव घेऊन म्हणतात. आपल्यापैकी अनेकांचे घर तर ठाणे, कळवा, मुंब्रा, कल्याण, डोंबिवली याच पट्ट्यात आहे. तरीही हा टोमणा आपल्या घरांतही सर्रास चालतो. ठाण्याचे मनोरुग्णालय 1901 पासून उभे आहे. या सव्वाशे वर्षांत तिथे गेलेल्यांची थट्टा खूप झाली. तिथून बरे होऊन घरी आलेल्यांची गोष्ट मात्र फारशी कुणी सांगितली नाही. आज तर पुष्कळ रुग्ण बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांना भेटतात, गोळ्या घेतात आणि त्याच दिवशी लोकल पकडून घरी जातात. ते कामावर जातात, मुलांचा अभ्यास घेतात, लग्नकार्यात आपल्या शेजारी बसून जेवतात. आपल्याला कळतही नाही, आणि कळू नये म्हणून ते जिवाचा आटापिटा करतात.

या महिन्यात आम्हाला बोलायचे आहे ते या माणसांविषयी. त्यांच्याजवळ एक असे ज्ञान आहे, जे मोहल्ल्यात दुसऱ्या कुणाजवळ नाही. ते वाया जाते आहे.

समजा, मुंब्र्यातल्या एका घरात बावीस वर्षांच्या मुलाला आवाज ऐकू येऊ लागले. रात्र रात्र झोप नाही, शेजारी आपल्याविरुद्ध कट करताहेत अशी खात्री. घरात तीन मते पडतात. दादी म्हणते बाहेरची बाधा आहे, चाचा म्हणतात कामचुकारपणा आहे, अम्मी नुसती रडते. दोन-चार महिने असेच जातात. शेवटी कुणीतरी डॉक्टरकडे नेतो आणि गोळ्या सुरू होतात. आठवड्याभरात मुलगा दिवसभर झोपू लागतो, तोंड कोरडे पडते, हात थरथरतात. 'गोळ्यांनी पोरगं आणखीच बिघडलं,' असे म्हणून घरचे गोळ्या बंद करतात. पुढे काय होते, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगायला नको.

डॉक्टर चुकलेले नसतात. पण ओपीडीत रांग मोठी असते, प्रत्येकाच्या वाट्याला वेळ थोडा येतो. अशा वेळी घराला हवा असतो तो चार वर्षांपूर्वी याच वाटेने गेलेला माणूस. तो येऊन म्हणतो, 'भाभी, मलाही सुरुवातीला असंच झालं होतं. मी डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी मात्रा बदलली. हात थरथरतात हे त्यांना जाऊन सांगा, गोळी मात्र आपल्या मनानं बंद करू नका.' एवढ्या दोन-तीन वाक्यांनी एक मुलगा उपचारात टिकतो. आणि हे सांगणारा माणूस बहुधा फार लांब नसतोच. तो त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत असेल. पण तो बोलत नाही आणि त्याला कुणी विचारत नाही.

ज्याचे जळते त्याला कळते, असे आपण म्हणतो. त्या कळण्याचा उपयोग दुसऱ्याला व्हावा, ही कल्पना नवी नाही. इमाम ग़ज़ाली 1095 साली बगदादच्या निज़ामिया मदरशात कीर्तीच्या शिखरावर होते. त्याच वर्षी त्यांची वाचा बंद झाली, शिकवता येईना, घास गिळवेना. हकीमांनी हात टेकले. ते बगदाद सोडून गेले. दशकभरानंतर ते पुन्हा शिकवू लागले आणि आपल्या या अवस्थेचे वर्णन त्यांनी 'अल-मुनक़िज़' या ग्रंथात स्वतःच लिहून ठेवले. त्यांना आजच्या एखाद्या आजाराचे नाव चिकटवण्याचा आमचा हेतू नाही. ते स्वतः त्याकडे ईमानाच्या शोधातले संकट म्हणून पाहत. मुद्दा एवढाच, की एवढ्या मोठ्या आलिमाला आपले कोसळणे लपवावेसे वाटले नाही.

आपल्या काळाजवळ यायचे तर 1935 साली अमेरिकेत दारूच्या व्यसनात बुडालेला एक शेअर दलाल आणि तसाच एक सर्जन एकमेकांशी बोलत बसले. व्यसनी माणसाचे व्यसनी माणूस ऐकतो, हे त्यांना उमगले आणि अल्कोहोलिक्स अनॉनिमस सुरू झाली. पुण्यात 1986 साली अनिल आणि सुनंदा अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही व्यसनातून बाहेर पडलेली माणसे पुढे इतरांना आधार देऊ लागली. मुक्तांगणच्या उभारणीत सोबत असलेले मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 साली ठाण्यात आयपीएच ही संस्था उभी केली आणि मनाच्या आजारांविषयी मराठीतून, मोकळेपणाने बोलण्याची सवय या शहराला लावली. कॅनडात प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्या अनुभवातूनच पुण्यात या आजाराविषयी जागृती करणारी 'सा' ही संस्था उभी राहिली आणि 2004 सालच्या 'देवराई' या चित्रपटाला त्यांनी पाठबळ दिले. 'सा'च्या परिवारात रुग्णाला 'शुभार्थी' आणि त्याची काळजी घेणाऱ्याला 'शुभंकर' म्हणतात. 'वेडा' आणि 'वेड्याची आई' या शब्दांच्या जागी हे शब्द ठेवून पाहा. घरातली हवा बदलते.

कायद्यानेही हे मान्य केले आहे. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने स्थापन झालेल्या केंद्र आणि राज्याच्या प्राधिकरणांवर आजार भोगलेल्या व्यक्तींसाठी आणि काळजी घेणाऱ्यांसाठी जागा ठेवल्या आहेत. शेजारच्या गुजरातमध्ये काही सरकारी रुग्णालयांत आजारातून सावरलेल्या माणसांना रुग्णांच्या सोबतीसाठी प्रशिक्षण देऊन नेमण्याचा प्रयोगही झाला.

मग आपल्याकडचा बरा झालेला माणूस गप्प का? उत्तर एका शब्दात आहे: रिश्ता. त्याचा स्वतःचा नाही, तर धाकट्या बहिणीचा, मुलीचा. 'त्यांच्या घरात डोक्याचा आजार आहे' एवढे वाक्य पसरले की स्थळे येणे थांबते. म्हणून औषधाच्या पट्ट्या पिठाच्या डब्यामागे लपतात. लग्न ठरताना आजार लपवला जातो, निकाहनंतर सासरी दिसू नयेत म्हणून गोळ्या बंद होतात, काही महिन्यांत आजार उलटतो, आणि मग फसवणुकीचा आरोप होतो. ज्या इज्जतीसाठी लपवले तीच जाते, वर मुलीची तब्येतही.

ही किंमत खरी आहे. म्हणून 'पुढे या, जाहीर बोला' असा उपदेश आम्ही कुणाला करणार नाही. त्याची गरजही नाही. आपला अनुभव स्टेजवरून सांगावा लागत नाही. एका घरात, एका माणसाजवळ बसून तो सांगितला, तरी काम होते. बाळंतपणानंतर सहा महिने उदासीत काढलेली एखादी आपा शेजारच्या नव्या बाळंतिणीकडे शेवयांचा डबा घेऊन जाते आणि हलकेच म्हणते, 'मलाही बाळाला घ्यावंसं वाटत नव्हतं. मी वाईट आई नव्हते, आजारी होते. उपचारानं बरी झाले.' हे तिला दुसरे कुणीही सांगू शकत नाही.

अशी सोबत करणाऱ्यांनी काही पथ्ये पाळावीत. पहिले, स्वतःची झोप, काम आणि औषध नीट बसल्यावरच दुसऱ्याचा हात धरावा. दुसरे, आधी ऐकावे, नंतर बोलावे. बोलताना 'मला असं झालं' म्हणावे, 'तू असं कर' म्हणू नये. दोघांच्या आजाराचे नाव एक असले तरी औषध एक नसते, म्हणून आपल्या गोळीचे नाव कुणाला सुचवू नये. तिसरे, जे कानावर पडले ती अमानत आहे. ते नवऱ्याला किंवा बायकोलाही सांगायचे नाही. चौथे, दुसऱ्याचे दुःख ऐकून आपली झोप उडू लागली तर थांबावे आणि आपल्या डॉक्टरांशी बोलावे. जमल्यास दोघांनी मिळून ही सोबत करावी, म्हणजे भार एकावर येत नाही. पुरुषांनी पुरुषांना आणि बायकांनी बायकांना साथ दिली, तर आपल्या घरांत ती सहज स्वीकारली जाते.

दुआ आणि दवा यांची ओढाताण हाही अनुभवी माणसानेच सोडवायचा विषय आहे. डॉक्टरांनी सांगितलेले दादीला पटत नाही, पण 'मी दुआही केली आणि गोळीही घेतली' असे सांगणारा नमाज़ी शेजारी पटतो. गुजरातमध्ये उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात मुजावरांना सोबत घेऊन मनोविकारांच्या उपचारांची सोय करण्यात आली. त्या उपक्रमाचे नावच 'दवा-दुआ' आहे. दुसऱ्या टोकाला तमिळनाडूतील एरवाडीची आठवण आहे. तिथे दर्ग्याजवळच्या एका खासगी निवासात 6 ऑगस्ट 2001 रोजी आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले 28 रुग्ण मेले. कोणती वाट धरायची, हे आपल्याला ठरवता येते.

रमज़ानचेही तसेच. सहरी, तरावीह यांनी झोपेचे वेळापत्रक बदलते आणि बायपोलर आजारात अपुरी झोप आजाराला निमंत्रण देते. लिथियम घेणाऱ्याच्या शरीरातले पाणी कमी झाले तर औषधाचे रक्तातले प्रमाण धोकादायक पातळीवर जाऊ शकते. म्हणून महिना सुरू होण्याआधीच डॉक्टरांना भेटून गोळ्यांच्या वेळा ठरवाव्यात, रोज़े ठेवता येतील का ते विचारावे. आजारी माणसाला दीनमध्ये सवलत आहे, हे सर्वांना ठाऊक असते; पण ताप आलेल्याला ती आपण देतो आणि मन आजारी असलेल्याला देताना कचरतो. ज्याने स्वतः अशी सवलत घेऊन रमज़ान काढला आहे, तोच इफ्तारच्या दस्तरखानावर मान खाली घालून बसलेल्या मुलाची बोच हलकी करू शकतो.

एका ठिकाणी मात्र सोबत्याने एकट्याने काही करायचे नाही. कुणी 'जगायचं नाही' असे बोलू लागला तर सरळ विचारावे, 'जीव द्यायचा विचार येतो का?' विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. त्या क्षणी हराम-हलालचे प्रवचन देऊ नये. त्याला एकटे सोडू नये, गोळ्यांचा साठा, कीटकनाशके दूर ठेवावीत, घरच्यांना सांगावे आणि रुग्णालय गाठावे. इथे गुपिताचे बंधन उरत नाही. 14416 हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक दिवसरात्र आणि मोफत चालतो. तिथे मराठीत व हिंदीत बोलता येते. पोलिसांच्या भीतीने कुणी रुग्णालय टाळू नये. जीव देण्याचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच 2017 चा कायदा धरून चालतो आणि त्याला शिक्षेऐवजी उपचार देण्याची जबाबदारी सरकारवर टाकतो.

उरले आपण, म्हणजे ज्यांच्या घरात अजून असे काही झालेले नाही ते. बरा झालेला माणूस बोलावा असे वाटत असेल तर बोलण्याची किंमत आपणच कमी केली पाहिजे. स्थळ पाहताना 'घरात कुणाला डोक्याचा आजार आहे का' असे कुजबुजत विचारण्याऐवजी 'आजार असेल तर उपचार चालू आहेत ना' असे विचारले तर लपवण्याचे कारणच उरत नाही. मधुमेहाची गोळी आपण पाहुण्यांसमोर घेतो. मनाच्या आजाराची गोळीही तशीच पाण्याच्या तांब्याशेजारी उघड्यावर राहू द्या. आणि चेष्टेतसुद्धा कुणाला 'ठाण्याला पाठवू' नका. ऐकणाऱ्यांत तिथून बरे होऊन आलेला कुणी असू शकतो, आणि उद्या त्याचीच गरज तुमच्या घराला पडू शकते.