हाताची फिर्याद

तलवारबाजीतले सेबर हे शस्त्र खेळणाऱ्याच्या शस्त्राच्या हाताची बोटे एकदा निवांतपणे पाहावीत. तर्जनीच्या पेरावर मोडलेले हाड जुळून आल्यावर राहिलेला लहानसा उंचवटा, अंगठ्याच्या नखाखाली साकळलेल्या रक्ताचा काळा डाग, मधल्या बोटाच्या सांध्यावर मुठीवरच्या, हात झाकणाऱ्या गार्डची आतली बाजू घासून घासून पडलेला घट्टा, एवढा ऐवज पुष्कळांच्या हाती सापडतो; आणि विचारले असता खेळाडू किंचित हसून, एखादी सनद दाखवावी तशा अभिमानाने, तो हात पुढे करतो. त्या अभिमानाबद्दल माझी तक्रार नाही. तो तरुणांचा आहे आणि तरुणांना शोभतो. परंतु ज्यांच्या हाती खेळाची व्यवस्था आहे, त्या प्रशिक्षकांनी, संघटनांच्या चालकांनी आणि साहित्य तपासणाऱ्यांनीही तीच सनद शिरोधार्य मानून ‘सेबर म्हटले की बोटांना लागायचेच’ असा निकाल द्यावा व दप्तर बांधून ठेवावे, हे मला मान्य नाही. प्रस्तुत लेख हे त्या निकालावरचे अपील आहे.

या निकालाच्या समर्थनार्थ पहिली सबब पुढे केली जाते ती नियमाची. सेबरमध्ये कमरेवरचा सारा देह, मस्तक आणि बाहू यांवरचा वार ग्राह्य धरतात. मनगटापुढचा हात मात्र आता लक्ष्यातून वगळलेला आहे. पूर्वी हातमोज्यावर धातूच्या तारांनी विणलेले आवरण चढवीत व त्यावरचा वारही गुण मिळवून देई. आता विद्युत्वाहक कापड मनगटापाशी संपते आणि बोटांवर पाते आदळले तर वार नोंदविणाऱ्या यंत्राचा दिवा लागत नाही. तेव्हा, म्हणतात, ज्यावर वार करून काही मिळत नाही त्यावर वार करील कोण? हा युक्तिवाद ऐकताना गोड लागतो. पण सेबरची चकमक ज्याने पिस्टच्या, म्हणजे खेळपट्टीच्या, कडेला उभे राहून पाहिली आहे त्याला तो फसवू शकत नाही. प्रतिस्पर्ध्याला सर्वांत जवळ येणारे ग्राह्य लक्ष्य म्हणजे पुढे आलेल्या हाताचे मनगट आणि त्यामागची चार बोटे रुंदीची पट्टी. पुढे येणाऱ्याला रोखण्यासाठी केलेला प्रतिवार तेथेच रोखलेला असतो. ८८ सेंटिमीटरपर्यंत लांबीचे पाते पूर्ण वेगाने त्या पट्टीवर उतरत असता नेम दोन बोटे चुकला तर ते कोठे पडणार? नियमाने हाताला लक्ष्याबाहेर काढले, परंतु लक्ष्याच्या उंबरठ्यावरच उभे केले. त्यातून झाले एवढेच, की पूर्वी हातावरच्या फटक्याची निदान दिव्याच्या रूपाने नोंद होई, आता तीही होत नाही. वहीत जमा नाही, खर्चही नाही, आणि खेळाडू मात्र हात झटकीत पुन्हा आपल्या रेषेवर जाऊन उभा राहतो.

त्या रेषाही पाहण्यासारख्या आहेत. एकमेकींपासून चार मीटरांवर आखलेल्या दोन रेषांमागे दोघे उभे असतात आणि पंचाचा शब्द सुटताच दोघेही एकाच क्षणी झेपावतात. पुष्कळदा दोघांचाही बेत हल्ल्याचाच असतो आणि मध्यावर गार्डवर गार्ड आदळतो. एका वारानंतर दुसऱ्याने केलेला वार यंत्राने कोठवर नोंदवावा याची मुदत १२० सहस्रांश सेकंदांवरून २०१६ साली १७० वर नेली, यावरून हा व्यवहार काळाच्या किती बारीक मापात चालतो याची कल्पना यावी. अशा टकरीत नि:शस्त्र हातही मागे राहत नाही. अंगाच्या झोकाबरोबर तो पुढे येतो, आणि त्यावर तर बहुधा मोजाही नसतो.

दुसरा पक्ष अधिक आदरणीय आहे, कारण तो जुन्या, जाणत्या प्रशिक्षकांच्या मुखातून येतो. ते म्हणतात, बोटांना लागले याचा अर्थ बचाव चुकला. मनगट वाकडे पडले, गार्ड जेथे असायला हवा तेथे नव्हता. मुलांना जाड मोजे देऊन लाडावण्याऐवजी हात गार्डमागे ठेवायला शिकवा. यात तथ्य नाही असे कोण म्हणेल? डोक्यावरचा वार अडविण्यासाठी हात वर नेताना मूठ उलगडली की बोटे उघडी पडतात, हे पहिल्या सहा महिन्यांत प्रत्येकाला कळते, आणि बहुधा दुखूनच कळते. परंतु या युक्तिवादात एक कसूर आहे. गार्ड १५ सेंटिमीटर लांब व १४ सेंटिमीटर रुंद अशा मापाच्या चौकटीतून पार व्हावा लागतो. त्याहून मोठा चालत नाही. म्हणजे कौशल्याला आडोसा किती मिळावा हे नियमानेच मोजून दिलेले आहे, आणि त्याबाहेर जे उरते त्याचा भार पुन्हा कौशल्यावर टाकायचा! शिवाय जो शिकतो आहे त्याच्यापाशी कौशल्य नाही म्हणूनच तो शिकतो आहे. पोहणे येईपर्यंत बुडणे क्षम्य, असे कोणी म्हणत नाही.

आणि मोडलेले पाते तर कौशल्य जाणतच नाही. १९८२ साली रोमच्या जागतिक स्पर्धेत व्लादिमीर स्मिर्नोव्ह या सोव्हिएत खेळाडूच्या मास्कमधून प्रतिस्पर्ध्याच्या फॉइल या दुसऱ्या प्रकारच्या तलवारीचे मोडलेले पाते आत शिरले आणि काही दिवसांनी त्याचा अंत झाला. हा स्मिर्नोव्ह दोन वर्षांपूर्वीच्या मॉस्को ऑलिंपिकमधला फॉइलचा सुवर्णपदकविजेता. त्याच्यापाशी कौशल्याची वाण होती असे म्हणण्याची प्राज्ञा कोणाची नाही. त्या वेळी ‘त्याने बचाव नीट करायला हवा होता’ असे कोणी म्हटले नाही. मास्कची जाळी, अंगावरचे कापड, पात्याचे पोलाद या सर्वांची फेरतपासणी झाली आणि कडक दंडक घातले गेले. आज मास्कच्या गळपट्ट्याला १६०० न्यूटनची, जाकिटाला ८०० न्यूटनची कसोटी आहे. सेबरच्या हातमोज्याला ८०० न्यूटनची कसोटी आंतरराष्ट्रीय महासंघाने लावली ती मात्र त्यानंतर फार उशिरा. बोट मोडल्याने माणूस मरत नाही. म्हणून हाताची फिर्याद दप्तराच्या तळाशी राहिली.

येथे थोडे आडवाटेला जावेसे वाटते. आपल्याकडचा दांडपट्टा, ज्याला महाराष्ट्र शासनाने २०२४ साली राज्यशस्त्राचा मान दिला, तो हाती घेऊन पाहावा. त्याच्या मुठीवरचा खोबळा पंजाच नव्हे तर कोपरापर्यंतचा हात पोलादाखाली घेतो. ज्यांनी ते शस्त्र घडविले आणि ज्यांनी ते रणात चालविले, त्यांना हात गार्डमागे ठेवण्याची विद्या ठाऊक नव्हती काय? त्यांनी मनगटाचा लवचीकपणा गमावला, हातातल्या हातात पाते वळविण्याची सोय सोडली, आणि त्या मोलाने हात वाचविला. कारण हात गेला की मागे उरलेल्या शौर्याला काही काम उरत नाही, हे त्यांना दिसत होते.

मनगटाच्या लवचीकपणाचा उल्लेख करून मी तिसऱ्या आक्षेपाला आपण होऊन दार उघडले आहे, याची मला जाणीव आहे. जाड मोज्याने बोटांतली जाण मरते, मूठ आवळून धरावी लागते, आणि सेबर तर अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत खेळवायचे शस्त्र आहे, असा तो आक्षेप. पण जाडी कोठे हवी, हा प्रश्न विचारलाच जात नाही. जाण असते तळहाताच्या बाजूला, बोटांच्या आतल्या कातड्याला. फटका बसतो पाठीवर, सांध्यांवर आणि अंगठ्याच्या बाहेरच्या कडेवर. आतून पातळ व बाहेरून गादी शिवलेला मोजा मिळतो, आणि तो वापरणारे खेळाडू चिमूट विसरल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

याच ठिकाणी एका गैरसमजाचा समाचार घेणे अवश्य आहे, कारण तो सुरक्षिततेच्या कैवाऱ्यांमध्येच अधिक फैलावला आहे. मोज्यावर ८०० हा आकडा छापलेला दिसला की पालक निश्चिंत होतात. हा आकडा कापड भोसकले जाण्याला किती विरोध करते ते सांगतो. स्थूल मानाने ऐंशी किलोंचा भार टोकावर पडला तरी ते फाटू नये, एवढा त्याचा अर्थ. मोडक्या पात्याच्या टोकापासून तो वाचवितो आणि म्हणून तो हवाच. पण आडव्या बसलेल्या तडाख्याने पेराचे हाड तडकायचे असेल तर कापड अभंग राहील आणि हाड त्याच्या आत सुखाने मोडेल. २००० सालाच्या सुमारास सेबरची पाती मुद्दाम अधिक ताठ करण्यात आली. लवचीक पाते बचावाला वळसा घालून पलीकडे लागत असे, तो अन्याय त्याने कमी झाला. परंतु ताठ पात्याचा फटका जड बसतो, ही त्या न्यायाची किंमत बोटे चुकती करीत आहेत. टोचणे आणि ठेचणे ही दोन निराळी संकटे आहेत. एकासाठी विणीचे बळ लागते, दुसऱ्यासाठी गादी.

आकडेशास्त्राचा आधार घेणाराही एक पक्ष आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय स्पर्धांची पाच वर्षे पाहणी करून पीटर हार्मर यांनी दाखविले की खेळ सोडावा लागण्याइतकी दुखापत दर हजार सहभागांमागे अवघी ०.३ आढळते, तेव्हा एवढा आक्रोश कशासाठी? दाखला खरा आहे, पण तो पुरता वाचावा. त्याच पाहणीत सेबरमधील धोका तलवारबाजीतल्या इतर दोन शस्त्रांहून अधिक निघाला, हे सांगणारे सांगत नाहीत. आणि ती गणना स्पर्धेतून माघार घेणाऱ्यांची आहे. सुजलेले बोट शेजारच्या बोटाला चिकटपट्टीने बांधून जो पुढची लढत खेळतो तो या हिशेबात येत नाही, आणि सेबरच्या सरावगृहात चिकटपट्टीचा खप किती असतो ते मला ठाऊक आहे.

शेवटची सबब पैशाची. आणि तिच्यापुढे मी आवाज खाली आणतो, कारण ती खोटी नाही. चांगला मोजा परदेशातून येतो व मध्यम घराला जड जातो. ऑलिंपिकमध्ये उतरलेल्या पहिल्या भारतीय तलवारबाज, सेबरच्याच भवानीदेवी, यांनी आरंभी बांबूच्या काठ्यांनी सराव केला, ही हकीकत आपण कौतुकाने सांगतो. परंतु ती कौतुकाने सांगता सांगता साहित्य नसणे हाच गुण आहे असे मुलांच्या मनावर बिंबविणे बरे नव्हे. ज्याला पैसा लागतो ते संघटनांनी सामायिक साठा ठेवून पुरवावे. पण ज्याला पैसा लागत नाही त्याचे काय? पात्यावर पाते आदळून कडेला दाते पडतात आणि तेच दाते पुढे मोज्याची शिवण उसवितात; ते कानशीने घासायला पाच मिनिटे लागतात. गार्डच्या आतली गादी झिजून नाहीशी झाली की तारेच्या सॉकेटचा नटच बोटाच्या सांध्यावर बसतो. त्या गादीला मोज्याएवढे मोल पडत नाही. पूर्वी शस्त्रागारात शिकलगार असे, पात्याची धार आणि प्रकृती दोन्ही पाही. आज स्पर्धेच्या दारात तपासणीचे टेबल मांडतात, ठप्पा मारतात, आणि वर्षाचे उरलेले सारे दिवस ज्या सरावगृहात जातात तेथे टेबलही नाही आणि ठप्पाही नाही.

अशाच एका सरावगृहात, ज्याचे नाव मी घेणार नाही, बारा-तेरा वर्षांच्या मुलाने मित्राचा मोजा चढविलेला मी पाहिला. मोज्याचा मागचा भाग अर्ध्या प्रबाहूपर्यंत पोचायला हवा, प्रतिस्पर्ध्याचे पाते बाहीत शिरू नये म्हणून तसा नियमच आहे; हा जेमतेम मनगटावर संपत होता. तिसऱ्याच झेपेत समोरच्या मुलीचे पाते त्या फटीतून बाहीत शिरले आणि कोपरापाशी अडकले. सुदैवाने लांब लाल ओरखड्यावर निभावले. मुलगा रडला नाही, उलट बाही सारून ओरखडा सर्वांना दाखवीत फिरला. ‘सर, हे बघा,’ तो म्हणाला. सरांनी पाठ थोपटली आणि दोघांना पुन्हा रेषेवर जायला सांगितले. मोजा तोच होता.

सराव संपल्यावर मी त्या सरांना विचारले की, या वर्षी किती पाती बाद केली. त्यांनी कोपऱ्यातल्या पत्र्याच्या डब्याकडे बोट केले. डब्यात वीसेक तुकडे उभे होते, कोणी टोकापासून वीतभर अंतरावर तुटलेले, कोणी मध्यावर. मोडण्याआधी बाजूला काढलेले असे एकही पाते त्यांत नव्हते.