संरक्षण खर्चाचा दरडोई हिशेब मागणे हा देशद्रोह नव्हे!



संरक्षणाची तरतूद दरवर्षी ‘विक्रमी’ म्हणून मिरवली जाते. त्या आकड्याला लोकसंख्येने भागण्याचे कष्ट मात्र कोणी घेत नाही. ते आपणच घेऊ.

२०१३-१४ साली निवृत्तिवेतनासह ही तरतूद २ लाख ५३ हजार कोटी रुपये होती. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ती ६ लाख ८१ हजार २१० कोटींवर गेली. म्हणजे तेव्हा माणशी सुमारे दोन हजार रुपये, तर २०२५-२६ मध्ये साडेचार हजारांहून अधिक. पाच माणसांच्या कुटुंबामागे वर्षाला २३ हजार! पाळण्यातले मूलही यातून सुटलेले नाही. महागाई वजा केली तरी वाढ उरतेच.

यावर अर्थपंडित सांगतात, ‘राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणात हा खर्च दोन टक्क्यांच्याही खाली आला आहे.’ खरे आहे. पण गँगमन आणि पोस्टमन टक्क्यांत कर भरत नाहीत, रुपयांत भरतात. साबण-चहापासून चपलेपर्यंत प्रत्येक खरेदीवर तो वसूल होतो. राष्ट्रीय उत्पन्न वाढले म्हणून त्याच प्रमाणात आपला पगार वाढला काय?

सरहद्दीचे रक्षण नको असे कोणताही शहाणा कामगार म्हणणार नाही. आमचा सवाल वेगळा आहे. तिजोरीत खडखडाट असतो तो नेमका कामगार दाराशी आला की का? कोरोनाच्या काळात १ जानेवारी २०२० ते ३० जून २०२१ असे १८ महिने महागाई भत्ता गोठवला गेला. त्यातून ३४,४०२ कोटी रुपये वाचले, असे सरकारनेच सांगितले. ही थकबाकी देण्यास साफ नकार मिळाला. २०२५-२६ च्या संरक्षण तरतुदीच्या हिशेबाने ही रक्कम किती दिवसांची? जेमतेम १८ दिवसांची! आमच्या १८ महिन्यांच्या घामाची किंमत संरक्षण खात्याच्या १८ दिवसांच्या खर्चाएवढी, आणि तीही परवडत नाही!

बरे, हा पैसा जवानाच्या घरी तरी जातो काय? १ जानेवारी २००४ पासून नव्याने लागलेल्या केंद्रीय नागरी कर्मचाऱ्यांची जुनी पेन्शन गेली, तेव्हा सेनादले वगळली होती. २०२२ साली ‘अग्निपथ’ आले. चार वर्षे नोकरी, त्यानंतर फार तर २५ टक्के कायम आणि बाकीचे पेन्शनविना घरी! २०२५-२६ च्या तरतुदीत संरक्षण निवृत्तिवेतनाचे १ लाख ६० हजार कोटी आहेत. त्यातल्या एका पैशालाही आमचा विरोध नाही. विरोध आहे तो पेन्शनला ‘ओझे’ म्हणणाऱ्या दृष्टीला. काल ती आपल्यावर पडली, आज जवानावर पडली आहे. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या युनिफाइड पेन्शन योजनेतही पगारातून दहा टक्के कपात आहेच.

शस्त्रे बनवणाऱ्यांचे काय झाले? अंबरनाथ, खडकी, भंडाऱ्यासह देशातील ४१ आयुध निर्माणी १ ऑक्टोबर २०२१ रोजी मोडून सात कंपन्या केल्या गेल्या. विरोधात संपाची हाक येताच संपबंदीचा कायदा आला. कारण सांगितले देशाच्या सुरक्षेचे!

ही चाल जुनी आहे. ८ मे १९७४ रोजी रेल्वे कामगारांचा ऐतिहासिक संप सुरू झाला. सरकार हजारोंना तुरुंगात डांबत असतानाच १८ मे रोजी पोखरणला अणुचाचणी झाली. देशाभिमानाच्या गजरात कामगारांच्या मागण्यांचा आवाज दडपला गेला.

आम्हाला देशभक्ती शिकवण्याचे कारण नाही. लष्कराच्या गाड्या आम्हीच चालवतो. सेना डाक सेवेत जाऊन जवानाचे पत्र छावणीपर्यंत पोहोचवतात ते आपल्याच टपाल खात्यातले साथी.

म्हणून मागण्या स्पष्ट आहेत. संरक्षणाच्या मागण्या संसदेत चर्चेविना मंजूर करण्याची प्रथा बंद करा. दर वर्षी दरडोई खर्च जनतेपुढे मांडा. १८ महिन्यांचा महागाई भत्ता द्या. कर्मचारी असो वा जवान, सर्वांना जुनी पेन्शन द्या. साथींनो, हा हिशेब प्रत्येक शाखेच्या सभेत, प्रत्येक द्वारसभेत मांडा. जो खर्च भरतो, त्याला हिशेब मागण्याचा हक्क आहे!

कामगार एकजुटीचा विजय असो!